जागृतीचं हळदीकुंकू

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या प्रेमलाबाई कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्याबद्दल चघळायला कधी काही मिळालंच नाही, हीच पाऱ्याची, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याची, त्यांच्याबद्दलची तक्रार! नवरा दिवाकर रेल्वेत होता. तो गेला आणि मागे आपल्या नावावरच्या दोन खोल्या आणि एक भाऊ, अनंतराव, ठेवून गेला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसा खोल्यांना भाव आला आणि अनंतरावांना वहिनींचा उमाळा.

"उद्या रजिस्ट्रीत एक सही करून द्या वहिनी. मी काय तुम्हाले उपाशी ठेवीन?"

सही दिली तर घर जातं, नाही दिली तर हा जगू देत नाही. प्रेमलाबाईंनी विचारावं कोणाला?

त्याच दुपारी कॉलेजच्या पोरींनी कॉलेजच्याच आवारात महिला जागृतीचा कार्यक्रम ठेवला होता. बिलासपूरच्या वकीलबाई फुकट सल्ला देणार होत्या. पण नुसत्या भाषणाला बायका कशाला हलतात? त्या पोरींतल्याच एकीने, शेजारच्या यामिनीने, डोकं लढवलं. संक्रांत आहेच, हळदीकुंकूच ठेवू! वाण म्हणून हक्कांच्या पत्रकात गुंडाळलेली चहागाळणी. पोट्टी एवढी शिकलेली, पण हळदीकुंकवाला सवाष्णीच येतात, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

प्रेमलाबाई तरीही गेल्या. दाराशी सोनिया नावाची पोरगी करंडा घेऊन उभी.

"आइए ना आंटी!"

"नको वो बाई, मले..." म्हणेस्तोवर कपाळाला बोट टेकलंसुद्धा. मागे रांग, समोर मांडवभर बायका. पुसणार कुठे?

वकीलबाईंपुढे नंबर लागला. सोनिया पाण्याचा ग्लास घेऊन शेजारीच.

"दीर घर विकून राहिले. सही मागतात."

"घर कोणाच्या नावावर?"

"ह्यांच्या."

वकीलबाईंनी कुंकवाकडे पाहिलं. "मग मिस्टर काय म्हणतात?"

'गेले' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ताजं कुंकू लावून? लावणाऱ्या पोरीच्या तोंडावर? हळदीकुंकू बाटवलं म्हणतील.

"ते... बाहेरगावी असतात."

"मग कशाला घाबरता? घर त्यांचं, सही त्यांचीच लागेल. तुमच्या सहीने काही होत नाही. चला, पुढच्या!"

प्रेमलाबाईंनी नळावर कपाळ घासघासून धुतलं. खरं सांगायला धावत परतल्या, तर वकीलबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

घरी ओट्यावर अनंतराव. मांडवात मागच्या रांगेत पाऱ्यातल्या कमलाबाई होत्या ना! त्यांची बातमी माणसाआधी घरी पोचते.

"वहिनी, दादाले जाऊन सात वर्षं झाली. कुंकू कोणाच्या नावाचं?"

"त्या पोरीनं लावलं वो भाऊजी, मी नाही..."

"मले समजते. पाऱ्याले कोण समजावणार? तोंडं मी बंद करतो. तुम्ही सही तेवढी करा."

कपाळाची लाली अजून चुरचुरत होती. प्रेमलाबाईंनी पदर पुढे ओढला.

"हव, करते," त्या म्हणाल्या, आणि दिरासाठी चहा टाकायला आत गेल्या. गाळायला वाणाची नवी गाळणी होतीच.