तळ्याकाठी सासूबाईंचा पाट

लालबागहून शुक्रवारी पहाटे निघालो तेव्हा भाड्याच्या गाडीत नवरा प्रसाद, आमची रेवा, सासूबाई आणि मी, शिवाय सासूबाईंची थर्माकोलची पेटी होती. पेटीत बर्फ, बर्फात सहा पापलेटं आणि वर त्यांचा पाट (बुटकं लाकडी आसन). चाळीस वर्षं त्या याच पाटावर बसून मासळीबाजारात मासे विकतात.

"आई, आपण तळ्याकाठी राहणार. मासे तिथेही मिळतील," मी म्हटलं.

"त्या पान्यात मीठ नाय. माशाला चव कुठनं येनार गो?"

एरवी गाडीत सुकटही न चालणाऱ्या प्रसादने पेटी मुकाट्याने डिकीत ठेवली. या सहलीमागे आमचा कट होता. सासूबाईंनी जमिनीलगत बसणं बंद करायचं, असं गुडघ्यांच्या डॉक्टरांनी प्रसादला बजावलं होतं. म्हणजे बाजारच बंद. हे त्यांना सांगायचं काम प्रसादने माझ्यावर ढकललं. "तुझं ऐकते ती," म्हणाला. बारा वर्षांत त्यांनी माझं काय ऐकलं, ते मला आठवेना.

घाटात बर्फ वितळला. टोलनाक्यावरच्या माणसाने नाक दाबून आम्हाला लगेच सोडलं.

लाकडी घर सुरेख होतं. व्हरांड्यातून उतरलं की तळं, पलीकडे हिरवे डोंगर. पापलेटं तळून झाल्यावर सासूबाईंना वेताच्या खुर्चीत बसवलं. पाय अधांतरी ठेवून त्या तळ्याकडे बघत राहिल्या.

"किती शांत आहे ना, आई? असं रोज बसायला मिळालं तर?"

"बाजारात एवढी शांतता झाली तर समजायचं, संप हाय."

मी चहा करायला आत पळाले.

शनिवारी फाटकाशी हिराबाई नावाची गावातली बाई मरळ (गोड्या पाण्यातला लांबट मासा) घेऊन दगडावर बसली होती. शेजारच्या घरांतले पाहुणे भाव पाडत होते आणि ती बिचारी पडू देत होती. सासूबाईंना ते बघवेना. पाट आणवून त्या तिच्या शेजारी बसल्या, माशाचा कल्ला उघडून पाहुण्यांच्या नाकापुढे धरला आणि म्हणाल्या, "लाल हाय ना? मग तोंड वाकडं कशाला?" तासाभरात टोपली रिकामी झाली. एक मरळ आम्हीच घेतली.

सगळे गेले तरी सासूबाई उठल्या नाहीत.

"हात दे गो," त्या हळूच म्हणाल्या. "बाजारात लोखंडी खांब हाय. दोन म्हयने त्याला धरूनच उठते."

मी त्यांना हात देऊन उठवलं. "आई, डॉक्टर म्हणाले..."

"ठावं हाय. प्रसादने पेटी गपगुमान उचलली, तवाच समजले."

मरळीचं कालवण मात्र त्यांनी दोनदा घेतलं. मीठ त्यांनीच घातलं होतं, म्हणून चव आली म्हणे.

रविवार त्यांनी व्हरांड्यातच काढला. आपण एका बाईचा बाजार उठवला, असं वाटून मला अन्न गोड लागेना.

सोमवारी निघालो. खोपोली सोडल्यावर रेवा ओरडली, "आजी, तुझा पाट राहिला."

"राहिला नाय. हिराला दिला. दगडावर बसते बिचारी."

जिंकलो होतो, पण प्रसादचे डोळे भरले होते आणि मला आमचीच लाज वाटत होती.

मंगळवारी पहाटे खडखडाट ऐकून उठले. सासूबाई बर्फ फोडत होत्या.

"आई, पाट तर दिलात ना?"

"पाट दिला. गाळा कुठं दिला? ती जेवनाच्या टेबलाची खुर्ची घे नि चल मागनं."

खुर्ची डोक्यावर घेऊन मी त्यांच्यामागे बाजारात गेले. बाजार पोट धरून हसला. सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि हसणाऱ्यांना म्हणाल्या, "तळ्यावर असंच बसतात."

लोक सहलीहून काही ना काही आणतात. आमच्या घरातली एक खुर्ची गेली. आता जेवायला बसताना प्रसाद स्टुलावर बसतो.