बांधावरच्या चपला

आधीच सांगते — भूत, आत्मा, अंगात येणं यावर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, बुवाबाजीविरुद्ध स्वतः पत्रकं लिहायचे आणि मी शाळेत असताना निफाडच्या बाजारात ती वाटायला मला पुढे करायचे. म्हणूनच हे लिहिणं अवघड जातंय...

अण्णांची द्राक्षबाग निफाडजवळ. देव न मानणारा हा माणूस बागेत मात्र अनवाणी जायचा. आपलीच नव्हे, कुणाचीही बाग असो — चपला बांधावर. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "श्रद्धा-बिद्धा काही नाही गं. जिच्या जिवावर खातो, तिला चपलांनी तुडवायची का?" आत शिरले की वेलीचा कोवळा तणावा, आधाराला वेटोळे घालणारा तो तंतू, खुडून चावायचे आणि आंबट लागला की डावा डोळा घट्ट मिटायचे.

२००५च्या उन्हाळ्यात आमच्याकडचे काही बागायतदार ग्रीसला अभ्यास दौऱ्यावर जाणार होते. तिथल्या बेटांवरच्या बागा बघायच्या म्हणून अण्णांनी हौसेने पासपोर्ट काढला. आणि निघायच्या काही महिने आधी बागेतच गेले. हार्ट अटॅक. चपला बांधावर राहिल्या. आईने त्या कुणाला उचलू दिल्या नाहीत. मला म्हणाली, "त्यांचं राहिलं. तू बघून ये."

सँटोरिनी बेट. भर दुपार. वर पांढरी घरं, खाली निळाशार समुद्र आणि पायाखाली काळी, तापलेली माती. मांडव नाही, तारा नाहीत. वाऱ्यापासून द्राक्षं वाचावीत म्हणून वेली जमिनीवरच टोपलीसारख्या गोल वळवलेल्या. अण्णांचे मित्र भास्करकाका ओरडले, "आयला, ह्या तर खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसल्यात!" सगळे हसले. मला मात्र रडू फुटलं. अण्णा सर्वांत मोठ्याने हसले असते.

बागेची मालकीण, काळ्या कपड्यांतली एक आजी, आमच्या गाइडला काहीतरी सांगू लागली. त्याने इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुमच्यातल्या त्या वयस्कर गृहस्थांना चपला घालायला सांगा. पाय भाजतील."

आम्ही एकमेकांचे पाय पाहिले. सगळ्यांच्या पायांत बूट.

"कोण गृहस्थ?" मी विचारलं.

आजीने दगडी कुंपणाकडे बोट दाखवलं. त्या गृहस्थांनी तिथे चपला काढल्या, आत गेले, असं गाइडने सांगितलं... मग तिने तणावा खुडून तोंडात टाकल्याची नक्कल केली — आणि डावा डोळा घट्ट मिटला.

कुंपणापाशी काही नव्हतं. बागेतही कुणी नव्हतं.

मी भास्करकाकांकडे वळले.

"काका, अण्णांबद्दल गाइडला काही बोललात का?"

"पोरी, मला कुठं विंग्रजी येतं? अन् हे असलं मी कशाला बोलू गं..."

गटातल्या प्रत्येकाला खोदून विचारलं. कुणीच बोललं नव्हतं. उन्हाचा भास म्हणावा, तर तो मला व्हायला हवा होता. आजी अण्णांना ओळखतही नव्हती. आणि मला तर काहीच दिसलं नाही. तेच जास्त लागलं.

आईला सांगावं? सांगितलं तर अण्णांच्या पत्रकांशी बेइमानी, लपवलं तर आईशी. शेवटी घडलं तसं सांगितलं — एक शब्द जास्त नाही, कमी नाही. ती रडली नाही. एवढंच म्हणाली,

"मग निघताना घातल्या का त्यांनी चपला?"

त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. शोधत राहीन, अण्णांनी तेच शिकवलंय. पण आईने विचारलं ते आजीला विचारता आलं असतं... मी तर घाईघाईने बसमध्ये जाऊन बसले होते.

चपला अजून बांधावरच आहेत.