गिटारचं पेडल आणि हळदीतलं भरीत

आमच्या बँडचं नाव कुणाला माहीत नाही, कारण आम्ही ते अजून ठरवलेलं नाही. चौघे आहोत. जळगावातल्या शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे गणपती, कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असे कार्यक्रम करतो. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दिवसा पतसंस्थेत बसतो आणि कर्ज मागायला आलेल्या माणसाला गिटार वाजवतो हे कळू देत नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज अगदी सपक असतो. तो घुमवायचा, लांबवायचा, चिरका करायचा तर तारेच्या वाटेत पेडल लावावं लागतं. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. एका डबीत एक करामत. माझ्याकडे अशा बऱ्याच डब्या साठल्या होत्या आणि त्या मी केळीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून स्कूटरवरून न्यायचो. सिग्नलला लोक भाव विचारायचे.

त्या डब्यांनी माझा घात केला तो एका लग्नाच्या वाढदिवसाला. यजमान नवराबायको झोपाळ्यावर बसलेले, आमचा गायक डोळे मिटून प्रेमाचं गाणं म्हणतोय, आणि मी सगळ्यात चिरकी डबी दाबली. कुठली तरी वायर सैल असावी. स्पीकरमधून गिटारऐवजी रेडिओ लागला. शेतीचा कार्यक्रम चालू होता. ‘गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव दिसताच’ एवढं अगदी स्पष्ट ऐकू आलं. यजमानांचा कापूस होता, त्यांनी हात वर करून गायकालाच गप्प केलं आणि पुढचा सल्ला नीट ऐकून घेतला.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, “आता एकच घेतो. छोटं. सगळे आवाज एकाच डबीत असतात हल्ली.”

“मग आधी ह्या सगळ्या कशाला घेतल्या?” तिनं विचारलं. मी गिटार पुसायला घेतली.

महिनाभर मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला सांगायचा की हेच घ्या, दुसरा दाढीवाला सांगायचा की ते मुळीच घेऊ नका. एकात पडदा होता पण बटणं बारीक, दुसऱ्यात बटणं मोठी पण डबी पाटाएवढी. जळगावच्या वाद्यांच्या दुकानात गेलो तर मालकांनी मला प्रेमानं हार्मोनियम दाखवली.

शेवटी धुळ्याच्या मित्राला फोन केला. आम्ही कॉलेजात एका खोलीत राहायचो. तो आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गातो आणि गिटारही वाजवतो. त्याच्याकडे तळहातापेक्षा थोडं मोठं असं एक पेडल होतं आणि त्याला ते विकायचं होतं.

“भाऊ, बठ्ठं याम्हाच शे! काय जोयजे ते सांग,” तो अहिराणीत म्हणाला. सगळं म्हणे त्यातच होतं, हवं ते मागायचं. “रविवारी धुळ्याजवळ हळदीचा कार्यक्रम आहे. तिथंच ये. खऱ्या मांडवात वाजवून पाहा, मग घे.”

त्या दिवसांत माझे सासरे आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. असोद्याला केळी आणि कापूस. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काळा चष्मा लावून घरात बसलेले आणि जाम कंटाळलेले. मी गिटार पाठीला लावल्यावर तेही टोपी घालून दारात उभे.

“आबा, हळद आपल्या ओळखीची नाही,” मी म्हटलं.

“मंग काय झालं? मी गाडीत बसून राहीन,” ते म्हणाले. एसटीनं चाललो होतो, तेव्हा ते नक्की कुठल्या गाडीत बसून राहणार होते हे मी विचारलं नाही. पारोळ्यापर्यंत ते बिनबोलावता जेवायला जाणाऱ्या लोकांना नावं ठेवत होते. पारोळ्यानंतर त्यांनी हिवाळ्यातल्या हळदीला भरीत असतं का, याची चौकशी सुरू केली.

मांडवात शिरल्यावर दहा मिनिटांत आबा घरचे झाले. काळा चष्मा, पांढरी टोपी, ताठ चाल. लोकांना वाटलं कुणी पुढारी आलेत. त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि कपाळाला हळद लावली.

मित्रानं मला स्टेजवर घेतलं आणि पेडल दाखवलं. आबाही पाहायला वर आले. “जावईबापू, हे इतकंसं डबडं? याच्यात काय मावीन?” असं म्हणून ते पंगतीचा अंदाज घ्यायला गेले.

डबडं खरंच इतकंसं होतं. खाली दोन बटणं. डावं दाबलं की मागचा आवाज, उजवं दाबलं की पुढचा. “आणि दोन्ही एकदम दाबली की ते रेकॉर्ड करतं,” मित्र म्हणाला. “पुन्हा दाबलं की तेवढंच फिरवून फिरवून ऐकवतं. मी गातानाचा माइकही यातच जोडलाय, आवाज घुमतो मस्त. तू कर सुरू, मी दोन घास खाऊन येतो.”

मी सुरू केलं. पहिला आवाज चांगला होता, दुसरा त्याहून चांगला. हळदीला बसलेल्या बायकांनीही माना डोलावल्या. तिसरा ऐकावा म्हणून मी उजवं बटण दाबलं. आता माझा पाय. आमच्या घराण्यात सगळ्यांचे पाय रुंद आहेत, वडिलांना चप्पल शिवूनच घ्यावी लागायची. त्या इतक्याशा डबड्यावर माझा बूट पडला तो दोन्ही बटणांवर एकदम.

नेमके तेव्हाच आबा पुन्हा स्टेजवर आले होते. माइकच्या अगदी शेजारी उभं राहून त्यांनी मांडवाच्या टोकाला बादली घेऊन चाललेल्या वाढप्याला हाक मारली, “अरे भो! भरीत सरलं का?”

मी घाबरून पुन्हा बूट दाबला.

स्पीकरमधून आबा गरजले, “अरे भो! भरीत सरलं का?” आणि थांबले नाहीत. “अरे भो! भरीत सरलं का? अरे भो! भरीत सरलं का?”

खुद्द आबा तोंड मिटून माझ्याकडे पाहत होते. “मी काहीच बोलू नाही राह्यलो,” ते हळूच म्हणाले. हेही माइकमध्ये गेलं.

मी डावं बटण दाबायला गेलो, तर बुटाचं टोक वरच्या कुठल्या तरी खटक्याला लागलं आणि पेडलमधलाच ढोलताशासारखा ठेका चालू झाला. वरचं एक चाक फिरवलं, तर आबांचा आवाज राक्षसासारखा जाड झाला. उलटं फिरवलं, तर चिमणीसारखा बारीक. ठेका मात्र असा काही जुळला होता की मागच्या रांगेतले दोघेजण उठले आणि नाचू लागले. मग करवल्या उठल्या. मग नवरदेव, अंगभर हळद, टॉवेल सावरत मधे आला. थोड्या वेळानं सगळा मांडव हात वर करून विचारत होता, भरीत सरलं का.

गर्दीतून नवरदेवाचे वडील वाट काढत स्टेजकडे आले. चेहरा लालबुंद. त्यांना वाटलं जळगावकडच्या पाहुण्यांनी भर मांडवात तक्रार केली. “सरनं नही!” ते ओरडले. “बठ्ठा गावले पुरी इतलं शे!” आणि सगळ्या गावाला पुरेल एवढं भरीत आहे हे दाखवायला मागे वळून त्यांनी बादलीच मागवली. आबांना तिथंच स्टेजच्या पायरीवर बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं आणि स्वतः डावानं भरीत वाढायला सुरुवात केली. आबा नको म्हणायला तोंड उघडायचे, तर वरून त्यांचाच आवाज आणखी भरीत मागायचा.

मित्र हातात अर्धी पुरी घेऊन धावत येईपर्यंत मी वायर उपटली होती. एकदम शांतता. मग सगळा मांडव माझ्यावर ओरडला, “लाव ना भो!”

पुन्हा लावावं लागलं.

निघताना मी मित्राला म्हटलं, “आवाज चांगले आहेत, पण बटणं फार जवळ आहेत. तरी दे, घेतो. बूट बारीक घेईन.”

त्यानं पेडल छातीशी धरलं. “हाई मी इकाव नही आते,” तो म्हणाला. आता त्याला ते विकायचंच नव्हतं. दोंडाईच्याच्या एका पाहुण्यानं आपल्या मुलीच्या हळदीला ऑर्केस्ट्रा तिथल्या तिथं ठरवला होता, आणि अट एकच घातली होती, भरिताचं गाणं झालं पाहिजे. ते गाणं तर पेडलच्या पोटातच होतं.

आबांना मात्र परतीच्या वाटेवर बोलवेना. एवढं जेवण त्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घेतलं होतं. एरंडोल गेल्यावर एकदाच म्हणाले, “आवाज चांगला आहे माह्या. कोणी सांगितलंच नाई आजवर.”

मी घरी येऊन पुठ्ठ्यावर बूट ठेवून पेन्सिलीनं आखला. तो पुठ्ठा मोबाईलच्या पडद्याशी धरून, दिलेल्या मापांशी जुळवत, तीन बटणं ऐसपैस असलेलं एक पेडल निवडलं. दोन्ही दाढीवाल्यांना ते आवडत नव्हतं. माझ्या बुटाला ते आवडलं.

पेडल आलं त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये जोडून बसलो. बायको भाजी निवडायला घेऊन शेजारी आली आणि विचारलं, “पुढचा आवाज कसा लावायचा?” मी दाखवलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

“वाजव,” ती म्हणाली. मी वाजवलं. “हा नको. हा दातांच्या डॉक्टरकडचा आहे.” पुन्हा दाबलं. “हा पिठाच्या गिरणीचा.” पुन्हा. “हा ओल्या भिंतीचा आहे. पण बरा आहे, ठेव.”

मला एकच सूर वाजवायची परवानगी होती. मी तो वाजवत राहिलो, ती पायानं पुढे पुढे जात राहिली. मेथी तशीच पडून होती. मधे मी वेगळा सूर लावून पाहिला तर म्हणाली, “तू मधे मधे करू नकोस, मला ऐकू दे.”

शेवटच्या आवाजापर्यंत पोचल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जेवण आम्ही बाहेरून मागवलं.