कातरीनची झावळी

माझी माय कातरीन हिच्याबद्दल लिहायला बसलेय. दुसरी इयत्ता पुरी व्हायच्या आत मला मासळी निवडायला बसवलं होतं, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर नातवंडांनी हसून घ्यावं नि पुढे वाचावं. हे सगळं घडलं तेव्हा मी होडीत होते असं मी सांगते. खरं म्हणजे मी मायच्या पोटात होते. पण होडीत होते हे कोण नाकारील?

बाळकुमच्या खाडीकाठी आमची किरिस्तांव कोळ्यांची आळी, शेजारी हिंदू कोळ्यांची. खाडी एकच, मासळी एकच, फक्त आमचं देऊळ, म्हणजे चर्च, ठाण्याला. पाण्यात घरटी दोन खुंट रोवलेले. त्यांच्यामध्ये डोल, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं लावायचं. ओहोटीचं पाणी जाताना मासळी आत येते. कुठले खुंट कुणाचे याला कागद नव्हता. झावळ्यांच्या आयतवारी, येशू यरुशलेमेत आला त्या सणाला, पाद्रीच्या आशीर्वादाची झावळी आणायची, तिचा क्रूस वळून आपल्या खुंटाला बांधायचा. तो वर्षभर कुणी सोडायचा नाही. पुढच्या साली, उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करायला, तो देवळात जाळायला द्यायचा. आणि त्या आयतवारची डोल देवाची. ती मासळी पाद्रीच्या घरी पोचली, की पुढचं वर्षभर पाणी त्या घराचं.

देशावर मोठा दुष्काळ पडला त्या साली माझा बाप पास्कू पटकीने गेला. मायच्या पदरात दोन पोरं, पोटात मी. बापाचा धाकटा भाऊ बस्त्याव लगेच म्हणाला, खुंट आता माझे. बायका मासळी विकतात, डोल लावत नाहीत.

"वैनी, तू माज्या घरान ये. दोन घास मिलतील."

"मला माज्या हातचा घास लागतो," माय म्हणाली.

पाद्री मनाने बरा, पण त्यालाही बस्त्यावचंच पटलं. विधवेने दिराच्या आधाराने राहावं, म्हणाला. मायने त्याच्या हाताचा मुका घेतला आणि घरी येऊन नवऱ्याची फाटकी डोल शिवायला घेतली.

आयतवार आला. मिसाचा, म्हणजे देवळातल्या उपासनेचा, शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आधीच बस्त्याव झावळी काखेत मारून मागच्या दाराने सटकला. मायने पाहिलं, पण आशीर्वाद टाकून उठणाऱ्यांतली ती नव्हती. ठाण्याच्या बंदरावर तुळसा होडी घेऊन थांबली होती. ही शेजारची हिंदू कोळीण, मायची जिवाची, तोंडाची फटकळ. दोघी वल्हवत खुंटांशी आल्या, तर तिथे बस्त्यावची झावळी बांधलेली. तो जाळं आणायला घरी गेला होता.

"दे इकरं कोयता," तुळसा म्हणाली. "मी कापते. मना तुमचा पाप लागत नाय."

"हात लावू नको गो. देवाची हाय ती."

"मंग?"

"मंग आपलीपन देवाचीच हाय."

मायने त्याच्या झावळीला खेटून आपली बांधली आणि होडी दोन खुंटांच्या मधे आडवी लावली. बस्त्याव जाळं घेऊन आला तोवर निम्मी आळी काठावर जमली होती.

"वैनी, ती झावली सोर."

"तुजीला मी हात लावला नाय. तू माजीला लाव, बगू दे सगल्यांना."

बस्त्यावने हात पुढे केला. क्रूस दिसला तसा मागे घेतला. काठावर कुणीतरी खोकलं.

"पोटुशी बाई खुंटावर आली तर खारी रुसते, मासली देत नाय," तो म्हणाला.

"रुसू दे. दीर रुसला, त्यान मी मेली नाय."

"बाईनं डोल लावलेली कुनी बगितलीय?"

"आज सगलेच बगतील," तुळसा म्हणाली. "तू बस खाली बस्त्या, उभ्यानं पाय दुकतील."

ओहोटी लागली. दोघींनी डोल लावली. दोर मायच्या हातातून दोनदा सुटला, तिसऱ्यांदा तिने तो पोटावरून फिरवून धरला. तो दोर मला अजून कमरेत लागतो, असं मी सुनेला सांगते. ती तेल चोळून देते. मासळी काय, तर जवळा, मूठभर कोलंबी आणि चिखल. बस्त्याव हसला. मायने जवळा धुतला, पाटी डोक्यावर घेतली आणि ठाण्याची वाट धरली.

पाद्री दारातच होता. "कुणाच्या खुंटाची?"

"माज्या."

"कातरीन, मी तुला काय सांगितलं होतं?"

"आयकलं, पाद्रीबाबा. मासली ताजी हाय. नको तर परत नेते. पन मंग आख्ख्या आलीत सांगन, देवाला विधवेची मासली चालत नाय."

पाद्रीने वाकून पाटीतली कोलंबी पाहिली. उपासाचे दिवस, मटण बंद. शेवटी त्याने पाटी आत घ्यायला सांगितलं. कोलंबी त्याने त्याच दिवशी खाल्ली, आणि पोटात गेलेली मासळी परत मागता येत नाही.

बस्त्याव वर्षभर बोलला नाही. माय बाळंत झाली, उठली, पुन्हा खुंटावर गेली. राखेच्या बुधवारासाठी दोन्ही झावळ्या एकाच घमेल्यात जळल्या. पाद्रीने ती राख दोघांच्या कपाळाला लावली, आणि माय म्हणायची, बस्त्यावने ती पुसली नाही.

पुढच्या झावळ्यांच्या आयतवारी मी तिच्या काखेत होते. शेवटचा आशीर्वाद झाला, लोक उठले, बस्त्यावकाका वैनीला आधी जाऊ द्यायला जागचा हलला नाही. माय मात्र मुद्दाम सगळ्यांच्या मागून, सावकाश निघाली.