गुळणीडॉक्टर

सुई देत नाहीत म्हणून लोक ज्यांच्यावर रागावत, असे डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिले. आलेवाडीत त्यांना सगळे ‘गुळणीडॉक्टर’ म्हणत. तोंडावर नाही, पण फार लपूनही नाही. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा शाळेत एका पोराने माझ्यासमोरच ‘गुळणीडॉक्टर आले’ अशी आरोळी ठोकली, तेव्हा मी त्याचा कान धरला, तर डॉक्टरच म्हणाले, “सोडा हो बाई, खोटं कुठे बोलला तो?”

आमचं बिऱ्हाड सालवडला होतं. मिस्टर तारापूरच्या कारखान्यांपैकी एका कापडाच्या कंपनीत नोकरीला. लग्नानंतर मी सांगलीहून इकडे आले आणि ऐंशी सालाच्या आगेमागे मला आलेवाडीच्या शाळेत नेमणूक मिळाली. गाव मच्छीमारांचं. शाळेच्या खिडकीतून बांबूंच्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील दिसत आणि वारा फिरला की त्यांचा वास वर्गात येऊन बसे. शाळेसमोर रस्त्यापलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. एक खोली, पुढे पडवी, पडवीत एक बाक आणि एक स्टूल. त्या स्टुलाला मान होता. घसा दुखणाऱ्याला डॉक्टर त्या स्टुलावर उन्हाकडे तोंड करून बसवत आणि “आ करा” म्हणत. मग बाकावरचे सगळे लोकही माना वळवून आत डोकावत.

पहिल्याच पावसाळ्यात मी त्या स्टुलावर बसले. पोरांवर ओरडून आणि खडूची धूळ खाऊन घसा पार बसला होता. डॉक्टरांनी घसा पाहिला, जबड्याखाली बोटांनी चाचपलं, “खोकला आहे? नाक वाहतं?” विचारलं. दोन्ही होतं. म्हणाले, “कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. ज्येष्ठमधाची काडी चघळा. आणि दोन दिवस पोरांना शुद्धलेखन द्या, बोलू नका.”

“आणि इंजेक्शन?” मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“ते कशासाठी?”

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. सांगलीत आमच्या डॉक्टरांनी कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. आठवड्याभरात आवाज सुटला, तेव्हा जरा वरमून मी आभार मानायला गेले. ते म्हणाले, “मी नाही बरा केला. तो होणारच होता. मी फक्त मध्ये पडलो नाही.”

ही त्यांची रीत गावाला पटत नसे. कमळ म्हणून एक बाई शाळेच्या मागेच राहायची, बोंबील-जवळा सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. ती मला म्हणाली होती, “बोईसरला गेलं का डाक्तर सुई तरी टोचतो. यो आमचा डाक्तर, आमच्याच घरातलं मीठ आमाला औषिध म्हनून सांगतो.” डॉक्टरांच्या कानावर हे गेलंच असणार. ते नगरकडचे, एकटे राहत. पत्नी लवकर गेली होती. सुई आणि गोळ्या वाटल्या असत्या तर पडवी भरून वाहिली असती. पण ते म्हणत, “औषध म्हणजे काय देवळातला प्रसाद आहे, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायला?” उलट गावातल्या म्हाताऱ्या बाया कशाकशाचा काढा देतात हे ते चौकशी करकरून विचारत. अडुळसा, तुळस, ओवा, हळद. जे निरुपद्रवी असेल त्याला मान डोलावत. एकीने घशाला आतून राख लावायची सांगितली, तेव्हा मात्र तिला दारातूनच हाकललं.

पण दहा-वीस घशांमागे एखादा घसा असा यायचा की डॉक्टरांचं हसणं थांबे. लालभडक, त्यावर पांढरे ठिपके, मानेला दुखऱ्या गाठी, सणसणीत ताप, आणि खोकल्याचं नाव नाही. मग तेच डॉक्टर पेनिसिलिनच्या गोळ्या देत, पुरे दहा दिवस, आणि त्यातली एक जरी चुकली तर आकांडतांडव करत. काशीनाथ तांडेलाचं प्रकरण तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून काशीनाथ गोळ्या घरी टाकून होडीवर निघाला. डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं. ते गोळ्यांची दुसरी पुडी घेऊन, पँट न दुमडता तसेच पाण्यात शिरले, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी होडीची कड धरली आणि म्हणाले, “काशीनाथ, तोंड उघड.” सगळे खलाशी हसत होते. काशीनाथने गोळी गिळली, उरलेल्या पुडीत बांधून घेतल्या, तेव्हा कुठे कड सुटली. “बरं वाटनारा मानूस गोळ्या कशाला खाईल?” काशीनाथ परत आल्यावर कुरकुरला. “बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं,” डॉक्टर म्हणाले.

कमळची मुलगी हिरा माझ्या चौथीच्या वर्गात होती. लंगडीत तिला कुणी धरू शकत नसे. नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या. हिरा चार-पाच दिवस शाळेत आली नाही, मग आली, चांगली हसतखेळत होती. पुढे दोनेक आठवड्यांनी मधल्या सुट्टीत सगळी मुलं उठली, हिरा उठेना. गुडघा टरारून सुजला होता, हात लावू देईना. आदल्या दिवशी म्हणे घोटा दुखत होता. मी तिला कडेवर घेऊन रस्ता ओलांडला.

डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो घशाचा. “मागे हिचा घसा दुखला होता?”

तोवर कमळ वलांडीवरून धावत आली होती. हातांना मासळीचे खवले तसेच चिकटलेले. “दुखला व्हता ना. ताप पन व्हता. पानी गिळवत नव्हतं पोरीला. मी मिठाच्या गुळन्या दिल्या, अडुळशाचा काढा दिला. तुमीच सांगता ना डाक्तर, घसा गुळन्यांनी जातो? गेला पन व्हता.”

डॉक्टरांनी नळी हिराच्या छातीला लावली. डावीकडे एका जागी लावली, काढली, परत तिथेच लावली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या परत परत तिथेच जाणाऱ्या हाताची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मायलेकींना घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेले. त्यांना वाटलं होतं तेच निघालं. घशातल्या त्या जंतूमुळे येणारा सांध्यांचा ताप, आणि तो काळजाच्या झडपेपर्यंत पोचला होता. परत आल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. “जंतू जातो हो, पण जाताना अंगाला भांडायची सवय लावून जातो. मग अंग स्वतःच्याच काळजाशी भांडत बसतं. वेळेवर पेनिसिलिन पोटात गेलं असतं तर हे सगळं टळलं असतं.” त्या दिवशी आलेल्या दोन रोग्यांना त्यांनी सकाळी या म्हणून सांगितलं.

हिरा घरी आली, पण अंथरुणावर. चालायचं नाही, खेळायचं नाही. आणि गावात बोलणं सुरू झालं. “पोरीला डाक्तरकडं न्यायचं सोडून काढ्यावर भागवलं,” असं शेजारणी कमळला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. पूर्वी यांनीच तिला अडुळसा तोडून दिला होता. कमळने बाजारात जाणं सोडलं. मी एकदा हिराला वही-पुस्तक द्यायला गेले तर कमळ म्हणाली, “बाई, माझ्याच हातानं केलं मी.” मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

ते त्याच संध्याकाळी वलांडीवर आले. बायका सुकलेले बोंबील उतरवत होत्या. कमळ एका कडेला एकटीच. डॉक्टर तिच्याकडे न जाता मध्यभागी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“कमळची काही चूक नाही. तिने मी सांगितलं तेच केलं. इतकी वर्षं मी या गावाला अर्धीच गोष्ट सांगत आलो. गुळण्या कधी करायच्या ते सांगितलं. गुळण्यांवर कधी थांबायचं नाही, ते माझ्यापाशीच ठेवलं. मला वाटलं, तेवढं मी बघून घेईन. पण जी पोर माझ्यापर्यंत आलीच नाही, तिला मी कसं बघणार? कुणाला बोलायचं असेल तर मला बोला.”

शिकलेल्या माणसाने, त्यातून डॉक्टरने, असं चारचौघांत उभं राहून आपली चूक सांगितलेली त्या बायकांनी कधी ऐकली नव्हती. मीही नव्हती. कमळ तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. “मंग माझ्या पोरीचं काय व्हनार?”

“तिला परत तसला घसा होऊ द्यायचा नाही. झाला तर काळीज आणखी बिघडेल. म्हणून दर तीन आठवड्यांनी सुई. वर्षानुवर्षं. मी देईन, पण आणायचं तू.”

“तुमी तर सुई देत नाय.”

“हिला देणार.”

त्यानंतर डॉक्टर दर सोमवारी शाळेत येऊ लागले. प्रार्थना झाली की मुलं अंगणात उन्हाकडे तोंड करून ओळीने आ करून उभी राहत. बायकांना त्यांनी साधा नियम शिकवला. घशाबरोबर नाक वाहतंय, खोकला आहे, तर मीठ-पाणी पुष्कळ झालं. खोकला नाही, ताप चढलाय, गिळवत नाही, मानेला गाठी आहेत, तर तडक दवाखाना. काढा बंद करा असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “गरम काढ्याने दुखऱ्या घशाला बरं वाटतं, ते कशाला हिरावून घेऊ? काढा पाजत पाजत या म्हणावं, पण या.” कारखान्यातल्या कामगारांच्या बायकाही कुंभवलीहून पोरांना घेऊन यायला लागल्या, तेव्हा हाच नियम ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत.

हिराची सुई हा मात्र एक सोहळाच असे. ते औषध पेनिसिलिनच, पण पांढरं, दाट. सुईत अडकायचं आणि ठणका दोन-दोन दिवस राहायचा. डॉक्टर बाटली तळहातांत धरून कोमट करत आणि मग इतकं हळू हळू औषध आत सोडत की पाहणाऱ्याचा श्वास कोंडावा. हिरा गावभर ऐकू जाईल अशी ओरडायची. मग आठवडाभर त्यांच्याशी बोलायची नाही. ते शाळेसमोरून जाताना मला हळूच विचारायचे, “आमच्यावरचा राग किती उरलाय बाई?” एका पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला, एसटी बंद पडली आणि दवाखान्यातलं औषध संपलेलं. डॉक्टर चालत बोईसरला गेले आणि संध्याकाळी चिखलाने भरलेले, खिशात ती बाटली घेऊन परत आले. तेव्हा हिरा ओरडली नाही असं नाही, ओरडलीच. पण नंतर तिने स्वतःच्या हाताने त्यांना चहा नेऊन दिला.

पुढचं आधीच सांगून टाकते. काळजाच्या झडपेचा, नळीतून डॉक्टरांना ऐकू येणारा तो आवाज पुरता गेला नाही, पण वाढलाही नाही. हिरा दहावी झाली, पुढे तिचं लग्न झालं, आज ती दोन मुलांची आई आहे आणि मासळीच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती होत नाही.

डॉक्टर गेले तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. एका दुपारी ते जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून पुतण्या आला. एकही होडी समुद्रात गेली नाही. काशीनाथ तांडेलाने खांदा दिला. आमच्याकडे बायका प्रेतामागे किनाऱ्यावरच्या स्मशानापर्यंत जात नाहीत, पण त्या दिवशी सगळ्या गेल्या आणि त्यांना कुणी अडवलंही नाही.

सगळं आटोपून मी एसटीच्या थांब्यावर आले, तर तिथे कमळ आणि हिरा उभ्या. दोघींचेही केस ओले, डोळे सुजलेले.

“कुठे निघालीस गं?” मी विचारलं.

“पालघरला, सरकारी दवाखान्यात. आज हिची सुई हाय.”

“आज नको ना आये,” हिरा म्हणाली. “उद्या जाऊ. आजच्या दिवस नको.”

कमळने तिचा दंड सोडला नाही. “डाक्तर गेले. आजार नाय गेला.”

मीही त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्यात गर्दी होती. नर्सबाई चांगल्या होत्या, पण मागे रांग होती. त्यांनी चटकन सुई दिली आणि पुढच्याला हाक मारली. हिरा ओरडली नाही. बाहेर येऊन ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, कमळ तिच्या शेजारी.

“दुखलं काय गं?” कमळने विचारलं.

हिराने मान हलवली. “ते किती हळू द्यायचे, आये,” ती म्हणाली, आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरीसारखी रडू लागली.