वैशाखात मागितलेलं भरीत

धुळ्याच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर, डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून अशा गोष्टी माझ्याच वाट्याला. आईचं हृदय फार थकलंय, ते म्हणाले. महिना-दोन महिने धरून चाला, नातेवाइकांना भेटून घेऊ द्या.

मी डोळे पुसून आत गेले. आवाजही सांभाळला होता. पण तोंडातून निघालंच, "माय, तुला काय खावंसं वाटतं?"

आमच्याकडे हा प्रश्न बऱ्या होणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. जाणाऱ्याची इच्छा राहू नये म्हणून विचारतात.

माय माझ्याकडे बघत राहिली. "तुना बापले मी हाईच इचारेल व्हतं. त्यानी खीर खादी नि दुसरा रोज गया."

नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ करत ती म्हणाली, "माले भरीत जोयजे. थंडीना वांगास्नं. पऱ्हाटीवर भाजेल."

तेव्हा वैशाख चालू होता. भरताची हिरवी वांगी थंडीत येतात. पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, त्याही तेव्हाच मिळतात. शिरपूरकडच्या शेतांत लोकांचा कापूस वेचून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. थंडी यायला अजून सहा-सात महिने, हा हिशेब तिला माझ्याहून चांगला ठाऊक होता.

फैजपूरची मावशी मात्र दुसऱ्याच दिवशी गॅसवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत घेऊन आली. "खा वं अक्का, घासभर."

मायने डबा सरकवला. "वैशाखमा भरीत! तुले कितली घाई शे वं माले धाडानी?"

मावशी रडता रडता हसली. डबा मीच संपवला.

मायला घरी आणलं. गोळ्या, मोजून पाणी, नावाला मीठ. पाय सुजायचे, दोन पावलांत दम लागायचा. भेटायला आलेल्या कुणी डोळ्याला पदर लावला की ती वांगी आल्याची चौकशी करायची, "बजारमा वांगा उनात का?"

पौषात वांगी आणली, पऱ्हाट्या पेटवल्या. धूर लागू नये म्हणून माय अंगणात लांब खुर्चीवर बसली आणि तिथून हुकूम सोडत राहिली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी मीठ चिमूटभरच घातलं. पहिला घास तिच्यापुढे धरला आणि मनात आलं, इच्छा पुरी झाली तर?

तिने सावकाश चावला. तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी शे. पुढला सालले नीट कर."

जेवणं झाल्यावर मी पऱ्हाट्यांची एक मोळी बांधली आणि पावसात भिजणार नाही अशी पत्र्याखाली ठेवली.