मदत मागितल्यावर गाडी हलत नाही

मुलगी बघायला पाहुणे आले की पोहे करायचे, साडी नेसायची आणि खाली मान घालून बसायचं. हे नाटक मला जमणार नाही, असं मी घरी ठणकावून सांगितलं होतं. जळगावच्या आमच्या घरात त्यावरून चिक्कार आदळआपट झाली. गंमत म्हणजे मुलाच्या आईलाही ते नको होतं. त्या दोंडाईच्याच्या, बहिणीकडे जळगावला आल्या होत्या. त्यांनी निरोप धाडला, "पोरगी रेल्वेमा गार्ड शे ना? मंग मी तिनीच गाडीमा बसीसन घर जासू. कशी काम करस ते देखसू."

मुलगा मला आवडला होता. खरं सांगते, चांगलाच आवडला होता. धुळ्यात त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. फोनवर बोललो तेव्हा माझ्या फालतू विनोदांनाही तो मनापासून हसला. त्यामुळे त्या दिवशी गणवेशाला दोनदा इस्त्री केली.

जळगावला मुलाची आई, म्हणजे अक्का, माझ्या डब्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, ठसठशीत, हातात छत्री. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ पुढच्या डब्यात चढल्या. मी मनात म्हटलं, झालं, लागली परीक्षा.

अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, आणि शिंदखेड्याच्या अलीकडे इंजिनाने मान टाकली. ड्रायव्हरने बरीच खटपट केली, काही उपयोग होईना. शेवटी आम्ही मदतीचं इंजिन मागवलं. ते समोरून, शिंदखेड्याकडून, आमच्याच रुळावरून यायचं होतं. मदत येणार त्या बाजूला आधी गार्डने जायचं असतं. असिस्टंट ड्रायव्हर मागच्या बाजूला गेला. मी लाल झेंडा आणि फटाक्यांचा डबा घेऊन पुढे निघाले. हे फटाके म्हणजे चपट्या डब्या. रुळावर ठेवून पट्ट्या वाकवायच्या. चाकाखाली फुटले की येणारा ड्रायव्हर समजतो, पुढे गाडी उभी आहे, आणि ब्रेक मारतो.

पुढे बाभळींचं वळण होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. वळणाच्याही पुढे जाऊन फटाके लावले, परतताना अलीकडे आणखी एक लावला आणि वळणाच्या तोंडाशी झेंडा धरून उभी राहिले. हिवाळ्यातलं ऊन छान होतं. मागे प्रवासी उतरून कपाशीच्या बांधावर बसले होते, कुणी भरीत-पुरीचा डबा उघडला होता. सगळी जत्राच! तेवढ्यात वॉकीटॉकीवर ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, इंजिन चालू झालं!"

आणि लगेच त्याने भोंगाही वाजवला. आनंदाच्या भरात! गाढवपणा नुसता. भोंगा ऐकून सगळ्यांना वाटलं, निघाली गाडी. पण आमचा नियम साधा आहे. एकदा मदत मागितली की बिघाड दुरुस्त झाला तरी गाडी जागची हलवायची नाही. आम्ही अमुक खांबापाशी उभे आहोत, या भरवशावर तो पलीकडचा निघालेला असतो. स्टेशनला विचारलं, तर मदतीचं इंजिन केव्हाच सुटलं होतं.

पंधरा-वीस माणसं खडीवरून माझ्याकडे येताना दिसली. सगळ्यांच्या पुढे छत्री उघडून अक्का! त्यांनी म्हणे अख्ख्या डब्यात सांगून ठेवलं होतं, गार्ड म्हणजे आमची होणारी सून, माझ्या शब्दाबाहेर नाही. आमच्या खान्देशात ओळख निघाली की काम झालंच म्हणून समजा. एस.टी. थांबते, दवाखान्यात नंबर पुढे सरकतो. मग रेल्वे काय मोठी?

"का वं बेटा, इंजिन चालू व्हई गयं ना? सोड मंग गाडी," अक्का म्हणाल्या.

"नाही अक्का. समोरून इंजिन येतंय."

"मी बठ्ठास्ले सांगी दिधं शे. मन्हा शबद जाई."

मागची माणसं गालातल्या गालात हसायला लागली. मला अक्कांची दया आली आणि राग त्याहून जास्त आला. माझं डोकं तापलं की जिभेला लगाम राहत नाही. "अक्का, तुमचा शब्द गेला तर परत येईल, माणसं गेली तर येणार नाहीत. रुळावरून बाजूला व्हा! सगळे बांधावर चढा, चला!"

हे मी भावी सासूला, वीस माणसांसमोर, झेंडा नाचवत सांगितलं. अक्कांचं तोंड एवढंसं झालं. छत्री मिटली आणि त्या मुकाट्याने बांधावर जाऊन बसल्या. संपलं, मी मनात म्हटलं. तो हसणारा मुलगा गेला हातचा. डोळ्यांत पाणी आलं, पण झेंडा खाली घेतला नाही.

वळणापलीकडे फाट, फाट, फाट असा आवाज झाला. कपाशीतले बगळे उडाले. बाभळींतून इंजिन हळूहळू आलं, अलीकडचा फटाकाही फोडला आणि माझ्या झेंड्यापुढे येऊन थांबलं. इंजिन जोडलं, असिस्टंट परतला, सगळे चढले. अक्का माझ्याकडे न बघताच चढल्या.

दोंडाईच्याला त्या उतरल्या. बाहेर जायचं सोडून फलाट तुडवत थेट माझ्या डब्यापाशी आल्या. मी खाली उतरले. पाया पडावं की माफी मागावी, कळेना.

"मन्हा पोऱ्या लई गरीब शे," त्या म्हणाल्या. "कोन्हीबी काही सांगं का हालस. त्याना बाप बी तसाच व्हता. घरमा एक तरी न हालनारं मानूस पाहिजे."

सिग्नल मिळाला होता, पुढे ड्रायव्हर माझ्या हिरव्या झेंड्यासाठी भोंग्यावर भोंगे देत होता.

अक्का दोन पावलं मागे सरकल्या, फलाटावर माझ्यापुढे कोणी उभं आहे का ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बठ्ठा बाजूले शेतस. दखाड आते तुन्हा झेंडा."